टेबलावरची अकरा पुस्तकं

"ताई, मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. परीक्षेला दहा महिने उरलेत. टेबलावर जीवशास्त्राची चार, रसायनशास्त्राची तीन आणि भौतिकशास्त्राची चार अशी अकरा पुस्तकं आहेत. शिवाय क्लासची मॉड्यूल्स, दोन ॲप्स आणि ओळखीतल्या एका दादाच्या हस्तलिखित नोट्स. त्याला पहिल्याच प्रयत्नात प्रवेश मिळाला होता. बाबांनी हौसेनं आणलेला एक संच तर अजून प्लास्टिकमध्येच आहे, तो दिसला की अपराध्यासारखं वाटतं. दर आठवड्याला कुणीतरी नव्या पुस्तकाचं नाव घेतं आणि मला वाटतं, नेमकं तेच माझ्याकडे नाही. गेले दोन महिने वाचण्यापेक्षा काय वाचायचं हे ठरवण्यातच गेले. मला फक्त यादी द्या. तुम्ही म्हणाल ते ठेवीन, बाकीचं उचलून ठेवीन."
– गोंधळलेली

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात मी एकच गोष्ट शोधत होते आणि ती सापडली नाही. अकरा पुस्तकांचा हिशोब तू विषयवार दिलास, पण परीक्षा कोणती हे लिहायचं राहून गेलं. असं पत्र पाठवणारी तू पहिली नाहीस. 'मेडिकलची एंट्रन्स' म्हटलं की ती एकच असावी असं वाटतं. पण पुस्तक निवडायचा पहिला धागा तिथेच आहे, म्हणून आधी तो पकडू.

भारतातली नीट घे. २०२५ च्या पेपरात १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटं. ७२० गुणांपैकी निम्मे एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. आता अमेरिकेतली एमकॅट बघ. तिथे २३० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तिच्या चार भागांपैकी एका भागात तत्त्वज्ञान, इतिहास, समाज अशा विषयांवरचे उतारे वाचून ९० मिनिटांत ५३ प्रश्न सोडवायचे असतात. त्या भागासाठी विज्ञानाचं एकही पुस्तक कामाला येत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये चालणाऱ्या यूकॅटमध्ये तर जीवशास्त्र, रसायन, भौतिक यातलं काहीच विचारत नाहीत. तर्क, उताऱ्यांचं आकलन, आकडेमोड आणि एखाद्या प्रसंगी कसं वागावं याची समज, एवढंच तपासतात. म्हणजे तुझी परीक्षा पहिली असेल तर अकरातली काही पुस्तकं नक्की उपयोगाची, आणि तिसरी असेल तर अकराही बाजूला. आता सांग, परीक्षेचं नाव कळल्याशिवाय मी कुठली यादी देऊ?

म्हणून टेबलावर सगळ्यात आधी यायला हवा तो परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा स्वतःचा कागद: माहितीपत्रक, चालू वर्षाचा अधिकृत अभ्यासक्रम, आधीच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या अधिकृत उत्तरतालिका किंवा सराव परीक्षा. तो संस्थेच्या संकेतस्थळावरच मिळतो. कुणी पाठवलेली, कुणी 'सोपी करून' दिलेली प्रत नको. आणि तो छापून घे, फोनमध्ये ठेवलास तर पुन्हा उघडायची नाहीस.

अभ्यासक्रम हातात आला की पेन्सिल घे आणि प्रत्येक पुस्तकाची अनुक्रमणिका त्याच्याशी ताडून बघ. कंटाळवाणं काम आहे, एका संध्याकाळचं आहे, पण ढिगातली दोन-तीन पुस्तकं इथेच गळतील. परीक्षा बदलतात आणि जुन्या आवृत्त्या हातोहात फिरत राहतात. एमकॅटचं स्वरूप २०१५ मध्ये बदललं, मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा अख्खा भाग नव्याने आला. त्याआधीच्या संचात तो असणारच नाही. यूकॅटमधून २०२५ पासून आकृत्यांमधला क्रम ओळखायचा भाग काढून टाकला. त्याआधीचं पुस्तक घेऊन बसलेला मुलगा त्या भागावर आठवडेच्या आठवडे घालवेल. बीमॅट नावाची परीक्षा तर २०२३ नंतर बंदच झाली. नीटचा अभ्यासक्रम २०२४ साठी कमी केला तेव्हा रसायनशास्त्रातली घन अवस्था आणि पॉलिमर ही प्रकरणं वगळली गेली. जुन्या गाइडमध्ये ती अजून ऐटीत बसलेली असतात आणि मुलं ती मन लावून करतात. त्या मेहनतीची मला फार हळहळ वाटते, कारण चूक मेहनतीची नसते. पहिलं पान कुणी उलटून दाखवलेलं नसतं, एवढंच.

आता खरं काम. एक जुनी, पूर्ण प्रश्नपत्रिका घे आणि घड्याळ लावून सोडव. हो, आत्ताच, तयारी नसताना. "अजून माझं काहीच झालेलं नाही" हे वाक्य मी वर्गात रोज ऐकते आणि त्यामुळेच हा पेपर आधी सोडवायला लावते. मार्क कुणालाही सांगू नकोस, स्वतःही त्यात अडकू नकोस. आपल्याला हवे आहेत ते चुकलेले प्रश्न. त्या प्रत्येक प्रश्नासमोर तीनपैकी एक खूण कर. हे मला माहीतच नव्हतं, म्हणून 'म'. माहीत होतं पण ऐन वेळी आठवलं नाही, म्हणून 'आ'. माहीत होतं, आठवलंही, तरी प्रश्न चुकीचा वाचला, गणितात चूक झाली किंवा वेळ संपली, म्हणून 'घ', घाईचा.

या तीन खुणांची औषधं वेगवेगळी आहेत. 'म'ला पाठ्यपुस्तक लागतं, नीट समजावून सांगणारं, पूर्ण वाक्यांत लिहिलेलं. 'आ'ला नवीन पुस्तक अजिबात नको. तेच पान बंद करून स्वतःला विचारणं, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहिलेली कार्डं, चार दिवसांनी पुन्हा तेच, असं काहीतरी हवं. आणि 'घ'वर जगातल्या कुठल्याही पुस्तकात इलाज नाही, त्याला वेळ लावून सोडवलेले पेपरच लागतात. मी पाहिलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या पेपरात 'आ' आणि 'घ' भरपूर निघतात, आणि तरी ती बाजारात नवं 'म'चं पुस्तक शोधत असतात. तुझे दोन महिने असेच गेले असावेत असा माझा अंदाज आहे. पेपर सोडवलास की तुझं तुलाच कळेल.

मग पाठ्यपुस्तक निवडायचं कसं? प्रत्येक विषयाला एकच मुख्य पुस्तक, हे मी ठामपणे सांगते. नीट देणाऱ्यांसाठी ते एनसीईआरटीचं अकरावी-बारावीचं पुस्तक, यात फार डोकं चालवायची गरज नाही, जीवशास्त्रात तर मुळीच नाही. बाकी परीक्षांसाठी दोन-तीन पुस्तकांत चुरस असेल तर परीक्षण वाचत बसू नकोस, तासाभराची चाचणी घे. तुला गोंधळात टाकणारा एक छोटा विषय निवड, त्यावरचे जुन्या पेपरांतले दहा प्रश्न काढ, प्रत्येक पुस्तकातला तो भाग वाच आणि बघ, ते वाचून दहातले किती सुटतात.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून माझ्या विषयातलं एक उदाहरण देते. झटपट नोट्समध्ये हमखास एक ओळ असते: 'धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त, शिरेत ऑक्सिजनविरहित रक्त.' छान, सुटसुटीत, पाठ व्हायला सोपी. खाली चौकटीत लिहिलेलं असतं, 'अपवाद: फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शिरा.' मुलगी ओळ पाठ करते, अपवादही पाठ करते. पेपरात प्रश्न येतो की गर्भाच्या नाळेतल्या शिरेतून कसलं रक्त वाहतं. तिच्या अपवादांच्या चौकटीत नाळ नव्हती, म्हणून ती 'ऑक्सिजनविरहित' लिहून मोकळी होते, आणि चुकते. चांगलं पाठ्यपुस्तक धमनीची ओळख रक्तावरून करून देतच नाही. हृदयापासून दूर नेणारी ती धमनी, हृदयाकडे आणणारी ती शिरा, एवढंच ते सांगतं. हे ज्या मुलीच्या डोक्यात बसलंय ती नाळेचं चित्र डोळ्यांसमोर आणते. गर्भाला ऑक्सिजन वारेकडून, म्हणजे प्लॅसेंटाकडून मिळतो, वारेकडून गर्भाच्या हृदयाकडे येणारी वाहिनी ती शिरा, म्हणजे या शिरेत ऑक्सिजनयुक्त रक्त. तिला अपवाद पाठच करावा लागला नाही, कारण तिच्या व्याख्येत अपवाद उरतच नाही. पुस्तक निवडताना मी हेच बघते. ते अपवादांच्या चौकटी वाढवत नेतं, की मूळ कल्पना अशी सांगतं की चौकटींची गरजच कमी व्हावी?

झटपट नोट्स टाकून दे असं मी म्हणत नाही. शेवटच्या महिन्यात, विषय समजल्यानंतर, त्या डोळ्यांखालून घालायला बऱ्या. पण पहिलं वाचन त्यांच्यातून झालं की वर सांगितलं तसं होतं.

प्रश्नसंचाबाबत मी याहून काटेकोर आहे. मुलं संच निवडतात तो प्रश्नांच्या आकड्यावरून: याच्यात दहा हजार, त्याच्यात पंधरा हजार. माझ्या मते आकडा झाकून उत्तरांची पानं आधी उघडावीत. रसायनशास्त्रातला एक जुना प्रश्न प्रत्येक संचात कुठे ना कुठे असतो: १० चा उणे ८ वा घात, इतक्या मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू, म्हणजे पीएच, किती? सूत्रात आकडे टाकले की ८ येतो, आणि पर्यायांत ८ मुद्दाम ठेवलेला असतो. पण सामू सातच्या वर म्हणजे द्रावण अल्कधर्मी, आणि पाण्यात आम्ल टाकून ते अल्कधर्मी कसं होईल? आम्ल इतकं विरळ आहे की पाण्यातून स्वतःहून सुटणारे हायड्रोजन आयन इथे मोजावेच लागतात, आणि उत्तर साधारण ६.९८ येतं, सातच्या किंचित खाली. आता तुझ्या संचात या प्रश्नाचं उत्तर काढून बघ. नुसतं 'पर्याय क' लिहिलं असेल तर तो संच ठेवून दे. समीकरण मांडून ६.९८ काढून दाखवलं असेल तर ठीक. आणि '८ का मोह पाडतो आणि तो का अशक्य' हेही एका वाक्यात सांगितलं असेल, तर तो संच जवळ ठेव, मग त्यात प्रश्न कमी असले तरी चालतील. चुकलेला पर्याय का चुकला हे सांगणारी उत्तरं तुला पुढच्या वेळी वाचवतात.

आणखी एक. संचातले प्रश्न खऱ्या परीक्षेपेक्षा फार अवघड असले की मुलांना वाटतं, तयारी जोरात चाललीय. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच परीक्षेची तयारी करत असतात. पाच जुने पेपर सोडवल्यावर खऱ्या प्रश्नाची चव कळते, मग संचातला कुठला प्रश्न सोडून द्यायचा हेही कळतं. म्हणून क्रम जुने पेपर आधी, संच नंतर असाच ठेव. फक्त शेवटच्या दोन-तीन वर्षांचे पेपर न बघता बाजूला ठेव, अखेरच्या महिन्यात वेळ लावून सोडवायला.

दादाच्या नोट्स. तुला त्यांचं अप्रूप वाटणं साहजिक आहे, आणि त्याने त्या दिल्या हा त्याचा मोठेपणा. पण त्या वहीत काय आहे ते लक्षात घे. त्याने जे पुस्तक वाचलं, त्यातलं त्याला जे अवघड गेलं, त्याला जे विसरायला व्हायचं, ते त्याने लिहिलं. जे त्याला आधीच येत होतं ते त्यात नाही, आणि कदाचित तुझं नेमकं तेच कच्चं असेल. शिवाय त्याचा फायदा झाला तो लिहिताना झाला. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले, सूर्यावर, समुद्री ऊदमांजरांवर वगैरे. काही उतारे पुन्हा वाचायला लावले, काही मिटवून जेवढं आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने घेतली तेव्हा पारडं उलटलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. त्या आठवून लिहिणाऱ्यांना मधे चुका दाखवूनही दिल्या नव्हत्या.

या प्रयोगातली पहिली परीक्षा मला जास्त बोलकी वाटते. पाच मिनिटांपर्यंत वाचणाराच पुढे असतो! म्हणूनच सुंदर नोट्स वाचताना, रंगीत पेनांनी ओळी ठळक करताना 'येतंय, येतंय' असं वाटत राहतं. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही, दहा महिन्यांनी आहे.

तेव्हा दादाची वही अशी वापर: तुझं प्रकरण वाचून झालं, पुस्तक मिटलं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं, की मग त्याच्या वहीतलं तेच पान उघड आणि तुझ्याकडून काय सुटलं ते बघ. त्याच्याआधी नाही. आणि तुझी स्वतःची एक वही सुरू कर, चुकांची. मी मुलांकडून ती अशी लिहून घेते: डावीकडे मी काय समजत होते, उजवीकडे खरं काय आहे. नाळेच्या प्रश्नाची नोंद 'शिरेत नेहमी अशुद्ध रक्त असतं असं समजत होते / शिरेची ओळख दिशेवरून, हृदयाकडे' एवढीच. अख्खा प्रश्न उतरवायचा नाही. दहा महिन्यांत ती वही शंभर पानांची झाली, तर तुझ्यासाठी त्याहून नेमकं पुस्तक कुणी छापू शकणार नाही.

ॲप्सबद्दल थोडक्यात. दोन्हीपैकी ज्यात सराव पेपर खऱ्या परीक्षेच्या वेळेत, खऱ्या गुणपद्धतीने आणि मधे न थांबता सोडवता येतात ते ठेव, दुसरं फोनवरून काढ. व्हिडिओ पाहायचे ते पान दोनदा वाचूनही डोक्यात चित्र उभं राहिलं नाही तरच. क्लासची मॉड्यूल्स क्लासच्या वेळापत्रकासाठी आहेत. तुझ्या मुख्य पुस्तकाशी त्यांचा ताळमेळ बसत असेल तर त्यांतले प्रश्न सोडव, त्यांतला मजकूर पुन्हा वाचू नकोस.

भाषेचा मुद्दा सहसा कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. प्रश्नपत्रिका ज्या भाषेत सोडवणार, मुख्य पुस्तक त्याच भाषेत असू दे. नीट मराठीतूनही देता येते, पण मराठीतून देणार असशील तर इंग्रजी संज्ञा शेजारी लिहून ठेवायची सवय लाव, कारण भाषांतरात शंका आली तर तिथे इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जातो. वर्षभर इंग्रजीतून वाचलं आणि ऐन पेपरात ऑस्मोसिसऐवजी 'परासरण' समोर आलं, की येत असलेलं उत्तरही निसटतं.

नव्या पुस्तकाचं नाव कानावर येत राहणारच. मैत्रीण सांगेल, क्लासमधलं कुणी सांगेल. ते नाव चुकांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव आणि पंधरा दिवस थांब. पंधरा दिवसांनी स्वतःला विचार की माझी कुठली 'म' खूण सध्याच्या पुस्तकाने सुटत नाहीय. अशी खूण दाखवता आली तर ते पुस्तक ग्रंथालयातून किंवा मैत्रिणीकडून आण, तेवढं प्रकरण वाच, परत कर. दाखवता आली नाही तर नाव तिथेच राहू दे. एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था पुस्तकं वाईट असल्यामुळे येत नाही. प्रत्येक चांगल्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण चार-चारदा वाचलं जातं, आणि शेवटचं एकदाही नाही. तुझ्या अकरा पुस्तकांच्या कडा बघ. कुठल्या पानापर्यंत मळल्यात?

राहिला बाबांचा संच. पत्रातल्या बाकीच्या गोष्टींपेक्षा याच ओळीपाशी मी जास्त रेंगाळले. अपराधी वाटून तो वापरायला घेऊ नकोस, आणि अपराधी वाटून लपवूही नकोस. प्लास्टिक काढ, बाकीच्यांची घेतलीस तीच तासाभराची चाचणी त्याचीही घे, आणि शक्य असेल तर बाबांना शेजारी बसव. तुझा सोडवलेला पेपर, 'म', 'आ', 'घ' च्या खुणा आणि छापलेला अभ्यासक्रम त्यांच्यासमोर ठेव. त्यांनी संच आणला तेव्हा त्यांना तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं, आणि काय करावं हे ठाऊक नव्हतं. आता त्यांना काम दे. रोज रात्री पंधरा मिनिटं तुझ्या चुकांच्या वहीतली डावी बाजू त्यांनी वाचायची, उजवी तू तोंडी सांगायची. त्यासाठी त्यांना विषय यायची गरज नाही, वही त्यांच्या हातात असली म्हणजे झालं.

या रविवारी पेपर सोडव. मग मला तीन आकडे कळव, किती 'म', किती 'आ', किती 'घ', आणि या वेळी परीक्षेचं नावही. त्यानंतर अकरातली कुठली ठेवायची ते आपण दोघी मिळून बघू.